क्लीव्हलंड ब्राउन्स आणि बरणीतली नाणी

६ जानेवारी २०१८. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड शहर, हाडं गोठवणारी थंडी, आणि काही हजार माणसं स्टेडियमभोवती गोल फिरतायत. मिरवणूकच होती, पण जिंकल्याची नाही. त्यांची टीम, क्लीव्हलंड ब्राउन्स, त्या सीझनमधल्या सगळ्याच्या सगळ्या १६ मॅच हरली होती आणि स्टेडियमभोवतीचा तो गोल म्हणजे शून्य. त्याच निमित्ताने लोकांनी शहरातल्या फूड बँकेसाठी मदतही गोळा केली. मला या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते, कारण एवढं होऊनही त्यांनी टीम सोडली नाही. आणि एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून बसलाय, की ज्या टीमला वर्षानुवर्षं सगळ्यात चांगले खेळाडू आधी निवडायची संधी मिळते तीच टीम वर्षानुवर्षं तळाला कशी राहते?

आधी थोडं समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेट घालून लांबट बॉल हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो, जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, तो चांगला नसेल तर बाकीच्यांनी कितीही घाम गाळला तरी फारसा उपयोग होत नाही. कॉलेजमधून येणारे नवीन खेळाडू वाटून घ्यायला आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. ३२ टीम, ७ फेऱ्या, आणि मागच्या वर्षी जी सगळ्यात खाली होती तिचा नंबर पहिला. १९३६ पासून ही पद्धत चालू आहे, हेतू हा की दुबळ्याला हात मिळावा आणि स्पर्धा जिवंत राहावी. आपला नंबर, म्हणजे पिक, दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून विकताही येतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

ब्राउन्सची जुनी टीम १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेली आणि १९९९ मध्ये क्लीव्हलंडला नवी टीम मिळाली. त्या वर्षीचा अख्ख्या ड्राफ्टचा पहिला पिक त्यांचा, घेतला टिम काउच नावाचा क्वार्टरबॅक. तो काही टिकला नाही. मग शहरात एक जर्सी प्रसिद्ध झाली, काउचची २ नंबरची, तिच्या पाठीवर त्याच्या नावाखाली पुढच्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव चिकटवत जायचं, आधीचं खोडायचं, नवीन लावायचं. २०१८ पर्यंत ब्राउन्सच्या क्वार्टरबॅकची यादी जवळपास ३० नावांवर गेली. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी १८३ व्या नंबरवर स्पर्गन विन नावाचा क्वार्टरबॅक घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरवर टॉम ब्रेडी दुसऱ्या टीमने नेला, तोच ब्रेडी जो पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकला. २०१२ मध्ये तिसऱ्या नंबरवर ट्रेंट रिचर्डसन, त्याला दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच विकून टाकलं. त्याच वर्षी २२ व्या नंबरवर ब्रँडन वीडन, तो तर ड्राफ्टच्या वेळीच २८ वर्षांचा होता. २०१४ मध्ये पुन्हा २२ वा नंबर, जॉनी मॅन्झेल, दोन सीझनमध्ये खेळ खल्लास.

हे वाचून आपण पटकन म्हणतो की निवडणारे मूर्ख होते. मला ते पटत नाही, कारण ब्रेडीला फक्त ब्राउन्सने सोडलं नव्हतं, सगळ्या टीमनी पाच-पाच फेऱ्या सोडलं होतं. म्हणजे भानगड माणसांपेक्षा खोल आहे, आणि ती समजायला एक बरणी पुरते.

१९८३ साली मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएल्सन या दोघांनी एक प्रयोग छापला. बरणीत नाणी भरली, एकूण किंमत ८ डॉलर, आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की बघा, अंदाज करा आणि बोली लावा, ज्याची बोली सगळ्यात जास्त त्याला बरणीतल्या पैशांएवढी रक्कम मिळेल. असे बरेच लिलाव केले. सगळ्यांच्या अंदाजाची सरासरी आली ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे लोक एकंदरीत कमीच धरत होते. पण जिंकलेल्या बोलीची सरासरी? १० डॉलर १ सेंट! ८ डॉलरच्या वस्तूला १०. याचं कारण जिंकणारा हा सगळ्यात शहाणा नसतो, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त वर चुकला तो जिंकतो, आणि गर्दी जेवढी जास्त तेवढा कुणीतरी जास्त चुकणारच. याला विजेत्याचा शाप म्हणतात. १९७१ मध्ये एका तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या लिलावांबद्दल हेच लिहिलं होतं, की ज्या कंपन्या समुद्रातले पट्टे जिंकतात त्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा फार कमी लागतं.

आता बरणीच्या जागी २१-२२ वर्षांचा मुलगा ठेवा. त्याला ४० यार्ड पळवतात, उंची-वजन घेतात, हाताचा पंजा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती पसरतो तेही मोजतात, मुलाखती घेतात, कॉलेजच्या मॅचचे व्हिडिओ शेकडो तास बघतात. एवढं केल्यावर वाटतंच की आता आपल्याला हा मुलगा कळला. पण माहिती वाढली की अंदाज सुधारतोच असं नाही, आत्मविश्वास मात्र हमखास वाढतो. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने घोड्यांच्या रेसचे जाणकार घेऊन हे तपासलं होतं, आधी प्रत्येक घोड्याबद्दल ५ गोष्टी सांगितल्या, मग वाढवत वाढवत ४० पर्यंत नेल्या, भाकितं होती तेवढीच बरोबर राहिली पण स्वतःवरचा भरवसा जवळपास दुप्पट झाला.

ड्राफ्टवर हे सगळं नीट लावलं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी. थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, की एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी नंतर लगेच निवडलेल्यापेक्षा सरस निघतो का? उत्तर आलं, ५२ टक्के वेळा. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे एवढे स्काउट (खेळाडू पारखणारी माणसं), एवढे व्हिडिओ, एवढी मोजमापं, आणि शेजारच्या दोघांतला फरक ओळखण्यात नाण्यापेक्षा जेमतेम दोन टक्के पुढे. (पहिला आणि दोनशेवा यांच्यात फरक असतोच, तो स्काउटना बऱ्यापैकी कळतो, हे विसरून चालणार नाही.)

पण बाजारभाव बघा. १९९१ च्या सुमारास डॅलस काउबॉइज टीमने पिकच्या अदलाबदलीसाठी एक तक्ता बनवला होता, हळूहळू सगळेच तो वापरायला लागले. त्यात पहिल्या पिकला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, सोळाव्याला १०००. म्हणजे एक पहिला पिक दिला तर तीन सोळावे येतात! मॅसी-थेलरनी खेळाडूची कामगिरी आणि त्याचा पगार दोन्ही मांडले, कारण या लीगमध्ये प्रत्येक टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याच्या ताटातलं जातं, आणि त्यांना दिसलं की खर्च वजा जाता सगळ्यात जास्त फायदा पहिल्या पिकमध्ये नव्हताच, तो होता दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला. म्हणून त्यांनी पेपरला नाव दिलं हरणाऱ्याचा शाप, तळाच्या टीमला बक्षीस म्हणून जे मिळतं तेच ओझं. २०११ मध्ये नव्या खेळाडूंचे पगार खूप खाली आणले तेव्हा हे चित्र बदललं, २०१० च्या पहिल्या पिकला ७८ मिलियन डॉलरपर्यंतचा करार मिळाला होता आणि पुढच्याच वर्षीच्या पहिल्या पिकला २२ मिलियन. पण वरच्या एका पिकसाठी खालचे तीन-चार देऊन टाकणं अजूनही बहुतेक वेळा महागातच पडतं. साधा हिशोब आहे, प्रत्येक पिक चांगला निघायची शक्यता निम्मी धरली तर एक घेऊन ५० टक्के, दोन घेऊन निदान एक तरी चांगला मिळायची शक्यता ७५ टक्के.

अजून एक गोष्ट त्यांनी शोधली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज दुसऱ्या फेरीचा पिक हवा असेल तर लोक पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा देऊन मोकळे होतात. त्या उधारीचं व्याज काढलं तर ते येतं वर्षाला १३६ टक्के. एवढं व्याज तर गावचा सावकारही लावत नाही. आणि ते का देतात हे उघड आहे, पुढच्या वर्षी आपण खुर्चीत असू याची खात्रीच नसते.

२०१६ च्या जानेवारीत ब्राउन्सने हे सगळं मनावर घेतलं. सॅशी ब्राउन नावाचा वकील फ्रंट ऑफिसचा, म्हणजे टीम बांधणाऱ्या कारभाराचा, प्रमुख झाला, जोडीला पॉल डिपोडेस्टा, जो बेसबॉलमध्ये आकडेवारीवर टीम बांधण्यासाठी ओळखला जायचा. त्यांनी काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. दुसऱ्या नंबरचा पिक फिलाडेल्फियाला दिला, त्यांनी त्यावर कार्सन वेंट्झ हा क्वार्टरबॅक घेतला. बदल्यात ब्राउन्सला बरंच काही आलं, त्यातला एक होता फिलाडेल्फियाचा २०१७ चा पहिल्या फेरीचा पिक, तो ठरला १२ वा. तो १२ वा ह्यूस्टनला दिला, ह्यूस्टनने त्यावर डेशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक घेतला, आणि ब्राउन्सला मिळाला २५ वा अधिक ह्यूस्टनचा २०१८ चा पहिल्या फेरीचा. तो निघाला थेट चौथा, त्यावर आला डेन्झेल वॉर्ड, जो पुढे अनेक वर्षं त्यांच्या बचावाचा कणा होता. त्याआधी ह्यूस्टनकडून ब्रॉक ऑस्वायलर नावाचा नको झालेला क्वार्टरबॅक त्याच्या १६ मिलियन डॉलर पगारासकट उचलला होता, का, तर सोबत दुसऱ्या फेरीचा एक पिक मिळत होता म्हणून. ऑस्वायलरला सीझन सुरू व्हायच्या आत सोडून दिलं, आणि त्या पिकवर आला निक चब, क्लीव्हलंडच्या लोकांचा लाडका.

पण मैदानावर काय चाललं होतं? २०१६ मध्ये १६ पैकी १ विजय, २०१७ मध्ये शून्य. मधे एकदा सिनसिनाटीकडून एक क्वार्टरबॅक घ्यायचं पक्कं झालं होतं तर मुदतीच्या आत कागदपत्रंच नीट पोचली नाहीत आणि सौदा फिस्कटला. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सॅशी ब्राउनला काढलं. त्याने जमवलेल्या पिकवर २०१८ च्या एप्रिलमध्ये माणसं निवडली ती दुसऱ्यानेच.

सॅशीच्या चुका नव्हत्या असं मी म्हणणार नाही. खालच्या नंबरवर सरकून २०१६ मध्ये घेतलेला कोरी कोलमन अजिबात चालला नाही, आणि क्वार्टरबॅकसाठी बहुधा वेगळाच हिशोब लावावा लागतो कारण त्या एका जागेचं वजन बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. पण वेंट्झचंच बघा, २०१७ मध्ये तो लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत धरला जात होता, सगळे ब्राउन्सला शिव्या घालत होते, आणि २०२१ मध्ये फिलाडेल्फियाने त्यालाच विकून टाकलं. मग २०१६ चा निर्णय बरोबर की चूक? २०१७ मध्ये विचारलं तर एक उत्तर, २०२१ मध्ये दुसरं. एका निकालावरून निर्णय तोलता येत नाही, पाच-सात वर्षांचा ढीग लागतो, आणि ब्राउन्सच्या मालकांनी २०१२ ते २०२० मध्ये फ्रंट ऑफिसचे पाच प्रमुख बघितले.

२० सप्टेंबर २०१८ ची रात्र. शहरातल्या बारमध्ये एका बिअर कंपनीने कुलूपबंद फ्रीज ठेवले होते, ब्राउन्स जिंकले की ते वायफायवरून आपोआप उघडणार आणि आतली बिअर फुकट. पहिला क्वार्टरबॅक दुखापतीने बाहेर गेला, त्या वर्षीचा पहिला पिक बेकर मेफिल्ड आत आला, टीम १४-० ने मागे होती ती २१-१७ ने जिंकली आणि ६३५ दिवसांनंतर फ्रीज उघडले. २०२० च्या सीझनमध्ये तर ११ विजय आणि प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला ४८-३७ ने हरवलं. मेफिल्ड, वॉर्ड, चब, सगळ्यांची मुळं त्या दोन भयाण वर्षांत होती.

आणि मग मार्च २०२२. ब्राउन्सने ह्यूस्टनकडून एक क्वार्टरबॅक घेतला, त्यासाठी पहिल्या फेरीचे तीन पिक दिले, शिवाय खालचेही, आणि पाच वर्षांसाठी २३० मिलियन डॉलर, सगळेच्या सगळे हमीचे. क्वार्टरबॅकचं नाव डेशॉन वॉटसन. हो, तोच, ज्याला २०१७ मध्ये १२ व्या नंबरवर घेता आलं असतं. त्याच्यावर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले होते, त्यावरून लीगने त्याला ११ मॅच बाहेर बसवलं आणि ५ मिलियनचा दंड केला. सौदा करताना हे आरोप सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे मला हा निर्णय फक्त हिशोबाने चुकलेला वाटत नाही. मैदानावरही तो पूर्वीसारखा कधी दिसला नाही, कधी दुखापत, कधी खेळच नाही, आणि तरी २०२४ मध्ये टाचेच्या मागची शीर तुटेपर्यंत टीम त्यालाच उतरवत राहिली. १९९५ मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी बास्केटबॉलमध्ये हेच आकड्यांनी दाखवलं होतं, की वरच्या नंबरवर घेतलेल्या खेळाडूला तेवढाच खेळ असणाऱ्या खालच्या नंबरवाल्यापेक्षा जास्त वेळ मैदानावर ठेवतात, कारण त्याच्यावर पैसे घातलेले असतात.

ह्यूस्टनने मिळालेल्या पिकपैकी एक वापरून २०२३ मध्ये वर सरकून विल अँडरसन घेतला. जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफला समोरासमोर आल्या त्या नेमक्या ब्राउन्स आणि ह्यूस्टन याच दोन टीम, वॉटसन खांद्याच्या दुखापतीने बाहेर, आणि ह्यूस्टन ४५-१४ ने जिंकलं.

एप्रिल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सकडे पुन्हा दुसरा नंबर होता, २०१६ सारखाच. त्यांनी तो जॅक्सनव्हिलला दिला, स्वतः पाचव्यावर आले, आणि सोबत घेतला २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक. पाचव्यावर घेतला मेसन ग्रॅहम, बचावाच्या फळीतला दांडगा गडी. क्वार्टरबॅक घेतले दोन, एक तिसऱ्या फेरीत आणि एक पाचव्या फेरीत, १४४ व्या नंबरवर.