पडीक म्हणण्याआधी चालून या

भाद्रपदात कासच्या पठारावर उभ्याने पाहिले तर नुसता रंग दिसतो. उकिडवे बसले की त्यातली सीतेची आसवे वेगळी कळू लागतात. या वनस्पतीला खरी मुळे नाहीत. ओल्या मातीत तिच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीतले पाणी बाहेर टाकून ती आतला दाब कमी करून ठेवते. एखादा सूक्ष्मजीव दाराजवळच्या केसाला लागला, की दार उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. जांभ्या दगडावरच्या मातीत नायट्रोजन इतका कमी, की तो असा शिकार करून मिळवावा लागतो. आणि ती माती तरी किती? काही बोटे. पुष्कळ जागी उघडा कातळच.

कागदावर असे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारे, बरेचदा ‘पडीक’ ठरतात. एकदा पडीक म्हटले, की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. हा शब्द खोडायचा तर आधी तिथे पायी जावे लागते.

नोव्हेंबर १९८७ मध्ये पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली ती अशीच. एक तुकडी उत्तरेकडून नवापूरहून, दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून. घाटाची लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. वाटेतल्या गावांत थांबत, तिथल्या लोकांशी बोलत दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात रामनाथीला भेटल्या. तुटलेले जंगल, आटलेला झरा, धरणाने उठवलेले गाव हे सगळे एकाच डोंगररांगेचे दुखणे आहे, हे त्या चालण्यातून उमगत गेले. पुढे याच चळवळीच्या मंडळींची २०१० मध्ये तामिळनाडूत कोटगिरीला बैठक झाली, आणि त्यानंतर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली गेली. तीन महिने चालल्याचा परिणाम दिसायला बावीस वर्षे लागली. मला ती फार वाटत नाहीत. टोपली कारवीसुद्धा सात वर्षांतून एकदाच फुलते.

चालणे ही मोजण्याचीही पद्धत आहे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून हजारो हौशी माणसे ठरलेल्या वाटेने, संथ आणि सारख्या गतीने चालून फुलपाखरे मोजत आली आहेत. वाट तीच, पद्धत तीच, म्हणून यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. कुठली जात घटते आहे, हे अशा नोंदींतून कळते.

खरोखर पडीक जागेवर बागही उभी राहते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर राडारोडा पडलेली एक जागा लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी साफ केली, माती-खत घातले, वाफे केले. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली. ती बाग आजही आहे. हेच लोक कुंपणाआडच्या ओसाड जागांत बियांचे गोळे फेकत.

ते गोळे आता आपल्याकडेही आले आहेत. पावसाळ्यात लोक उत्साहाने डोंगरावर बीजगोळे टाकतात. हेतू चांगला असतो, पण इथे मला हात जोडून सांगावेसे वाटते: न्यूयॉर्कचा तो कोपरा खरोखर उजाड होता, सडा उजाड नसतो. सड्यावरच्या वनस्पतींना मोकळे ऊन लागते. तिथे खड्डे खणले, बाहेरची माती टाकली, झाडांची सावली पडली, तर त्या हटतात. गवताळ माळाचेही असेच. आधी चारही ऋतूंत त्या जागी चालावे, मग काय लावायचे ते ठरवावे. कधी उत्तर ‘काहीच नको’ असेही येते.

लावण्याची हौस असेल तर शहरात जागा पुष्कळ आहे. रुई लावली तर प्लेन टायगर फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते; तिच्या विषारी चिकातली द्रव्ये अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला सहसा टाळतात. माझ्या गॅलरीत कढीपत्ता आहे. त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या असतात, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मग हिरव्यागार. सोसायटीत कीटकनाशक फवारायला माणूस येतो तेव्हा मी त्या कुंडीपाशी जाऊन उभी राहते. फोडणीचा कढीपत्ता त्या दिवसांत बाजारातून आणते.