अंधारात बटण शोधणारा हात

मागच्या वर्षी आम्ही पंचवटीतला वाडा सोडून इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा माझे वय 52 होते. पहिले कित्येक दिवस रात्री उठल्यावर माझा हात दाराच्या डाव्या बाजूची भिंत चाचपडत असे; बटण मात्र उजवीकडे, कपाटाच्या आड होते. आईने हे एकदा पाहिले आणि म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही रे." त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत आला, की कोणतीही सवय 21 दिवसांत बदलते. आईचे म्हणणे निम्मे तरी खरे आहे. संदेशाबद्दल तेवढेही म्हणता येत नाही.

या 21 दिवसांचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधील निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असे त्यांनी लिहिले होते. त्यातला 'किमान' पुढे गळून पडला. लंडनमधील 96 जणांच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्याच्या कालावधीचा मध्यक, म्हणजे निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त लागले तो आकडा, 66 दिवस निघाला, आणि व्यक्तिगणिक अंतर 18 पासून 254 दिवसांपर्यंत होते.

मेंदूत त्या दिवसांत नेमके काय चालते, हा खरा रंजक भाग आहे. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी 1973 मध्ये दाखवले, की सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात चेतातंतूंच्या एका जुडग्याला वेगाने उत्तेजन दिले, तर तेथील चेतासंधींचा, म्हणजे दोन चेतापेशी जिथे जुळतात त्या जागांचा, प्रतिसाद पुढे कित्येक तास वाढलेला राहतो. याची किल्ली एनएमडीए नावाच्या ग्राहीत, म्हणजे रासायनिक संदेश टिपून उघडणाऱ्या पेशीवरच्या एका दारात, आहे. चेतासंधीच्या पलीकडच्या काठावर एएमपीए आणि एनएमडीए हे दोन ग्राही शेजारी असतात. अलीकडच्या पेशीकडून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आले, की एएमपीए लगेच उघडतो आणि सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आत शिरतात. एनएमडीएमधून मात्र जवळजवळ काहीच जात नाही, कारण त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. विश्रांत पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असल्यामुळे धनभारित मॅग्नेशियम आतल्या बाजूला ओढला जाऊन तिथेच अडकतो. पेशी इतर संदेशांमुळे पुरेशी उत्तेजित झालेली असेल, तरच ही ओढ कमी होऊन बूच निघते. म्हणजे ग्लुटामेटही हवे आणि उत्तेजनही हवे, आणि तेही एकाच वेळी; दोन घटना एकत्र घडल्याची नोंद घेणारे हे यंत्र एका रेणूएवढे आहे, याचे मला आजही नवल वाटते. बूच निघाल्यावर कॅल्शियम आत येते, कॅमकायनेज-2 हे विकर (एन्झाइम) जागे होते आणि काठावर आणखी एएमपीए ग्राही बसवले जातात. त्यानंतर तेवढ्याच ग्लुटामेटला पेशी अधिक जोराने प्रतिसाद देते.

रोजच्या रस्त्याने जाताना नवे शिकण्याच्या या यंत्राला फारसे काम पडत नाही. सवयीचा कारभार बराचसा स्ट्रायॅटम या खोलवरच्या भागाकडे गेलेला असतो आणि ओळखीची खूण दिसताच हात-पाय आपोआप चालतात. घर, गाव किंवा नोकरी बदलली, की या खुणाच नाहीशा होतात. फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्थानके बंद राहिली आणि प्रवाशांना आडवाटा धराव्या लागल्या. संप मिटल्यावरही त्यांतील सुमारे 5 टक्के लोक नव्याच मार्गाने जात राहिले. त्यांना चांगला मार्ग आधीही उपलब्ध होता, फक्त तो शोधण्याची वेळ आली नव्हती.

तरीही 'बदल हीच संधी' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या वक्त्यांनी लंडनच्याच टॅक्सीचालकांचा अभ्यास जरूर पाहावा. परवान्यासाठी तेथे सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 79 उमेदवारांच्या मेंदूंची छायाचित्रे प्रशिक्षणाच्या आधी घेतली आणि त्यांतील बऱ्याच जणांची नंतर पुन्हा घेतली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या 39 जणांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. पुन्हा तपासलेल्या अनुत्तीर्णांत तो वाढलेला दिसला नाही. ठरलेल्या मार्गावर गाडी चालवणाऱ्या बसचालकांत आणि टॅक्सीचालकांत हाच फरक त्यांना आधीच्या एका अभ्यासात आढळला होता. नवी परिस्थिती मिळाल्याने एवढे होत नाही, तिच्यात वारंवार शिरावे लागते. आणि ताण फार काळ टिकला, तर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे याच भागाचे नुकसान होऊ शकते, तेव्हा नोकरी गेलेल्या माणसाला 'संधी'चे अभिनंदन करायला जाऊ नये.

त्याला साडेसातीही सांगू नये. शनी सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि साडेसाती तीन राशींना एकाच वेळी लागते. म्हणजे कोणत्याही क्षणी जगातील जवळजवळ पाव माणसे तिच्यात असतात, आणि त्यांपैकी कित्येकांना त्याच वर्षी बढतीही मिळालेली असते.

माझा हात आता उजवीकडे जातो. किती दिवस लागले ते मोजायचे राहून गेले. मात्र नवे शिकताना जुने पुसले जात नाही. गेल्या महिन्यात काही कागद आणायला मी वाड्यात गेलो होतो. संध्याकाळ होती, माजघरात अंधार होता आणि मी कागदांचाच विचार करत होतो. दिवा लागल्यावर पाहिले, तर माझा हात डाव्या भिंतीवर, नेमका बटणावर होता.