मुक्त सॉफ्टवेअर परवाना आणि वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य

मुक्त सॉफ्टवेअर परवाना वापरणाऱ्याला चार मुभा देतो: सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला लावणे, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचून त्यात बदल करणे, प्रती वाटणे आणि बदललेली प्रतही वाटणे. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त कार्यप्रणाली घडवणारा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये त्याचा जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) परवाना आला. या मुभांनी माणूस खरोखर मोकळा होतो का, हा वाद तेव्हापासूनचा.

बदललेले सॉफ्टवेअर पुढे दिले तर सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा, असे जीपीएल सांगतो. बीएसडी आणि एमआयटी या अशी अट नसलेल्या मुक्त परवान्यांचे समर्थक या सक्तीलाच बंधन मानतात. जीपीएलची बाजू अशी, की ही सक्ती काढली तर मधला कोणीतरी कोड बंद करतो आणि शेवटच्या माणसाच्या हाती काही उरत नाही. सोलापूरच्या मागावर मात्र गाठ वेगळीच पडते.

सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, उठते. जुन्या जेकार्डला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक पुठ्ठा. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. नक्षीतला मोर बदलायचा तर पुठ्ठे नव्याने पंच करावेत, एखादा फाटला तर तेवढाच बदलावा. सगळे डोळ्यांसमोर, हाताशी.

इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये माळेच्या जागी नियंत्रकाची पेटी येते. समजा, त्या पेटीत लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आहे. लिनक्सचा गाभा जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यामुळे त्याचा सोर्स कोड मागता येतो. पण उत्पादकाने पेटीला आपल्या डिजिटल सहीचे कुलूप घातले, तर बदललेला कोड तिथे चालतच नाही. टिव्हो या टीव्ही रेकॉर्डरवरून या युक्तीला 'टिव्होकरण' म्हणतात. ती रोखायला २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत बदललेला कोड बसवण्याची माहिती, गरज असेल तिथे सहीची किल्लीसुद्धा, देण्याची अट आली. (लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.) तिसऱ्या आवृत्तीचे कलम ६ मात्र नीट वाचावे. ही अट घरगुती वापराच्या वस्तूंपुरतीच आहे. दिवाणखान्यातल्या यंत्राला ती लागू होते, कारखान्यातल्या मागाला नाही. ज्याचे पोट यंत्रावर चालते तोच वगळला गेला, ही या परवान्यातली सर्वांत मोठी उणीव आहे.

माग अडला की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, हाक मारतात. कोड वाचणारा जॉबर जवळ नसेल तर बदल करण्याची मुभा कागदावरच राहते, हा आक्षेपही खरा आहे. तरी ते काम कोणाकडूनही करून घेण्याचा हक्क परवाना देतो, आणि तो लहान नाही. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या या शहरात पडद्यावरचे शब्द आपल्या भाषेत करून घेणे हा त्याचा सर्वांत साधा उपयोग. पडद्यावरचा प्रोग्रामही मुक्त परवान्याखाली असेल तर त्यासाठी उत्पादकाला विचारावे लागत नाही. पण पेटीला कुलूप असेल तर ते भाषांतरही तिच्यात चढत नाही.