दांडीवरचा पोचा: स्टीलच्या फ्रेमची पार्श्वभूमी

जुनी स्टीलची रेसिंग सायकल हाताला लागली की माणूस आधी दांडीवरून अंगठा फिरवतो, आणि कुठेतरी अंगठा खाली जातोच. एवढासा पोचा, चण्याएवढा. मग विचारपूस सुरू होते आणि उत्तरं दोनच मिळतात, एक म्हणतो काही होत नाही चालव बिनधास्त, दुसरा म्हणतो फ्रेम गेली, भंगारात दे. दोघंही अर्धे बरोबर असतात, कारण सगळा खेळ नळीच्या आतल्या जाडीचा आहे आणि ती बाहेरून कुणालाच दिसत नाही. ती अशी लपवली कुणी, तिथून सुरू करावं लागतं.

१८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीला स्टार्लीची रोव्हर आली, जवळपास सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आजच्या सायकलची आजी. त्याच साली जर्मनीत मानेसमान बंधूंनी बिनजोड नळी करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सायकल हलकी करायची तर नळी पातळ हवी, पण नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या धातूच्या खोळीत, घालून पितळ वितळवून जोडायच्या, यालाच ब्रेझिंग म्हणतात, तर तिथे लोखंड ९०० अंशांच्या आसपास तापणार, वर चालवताना जास्तीत जास्त ताणही जोडापाशीच येणार, मग पातळ नळी नेमकी तिथेच दगा देणार.

यावर तोड काढली बर्मिंगहॅमच्या खिळेवाल्यांनी. रेनॉल्ड्स घराण्याचा धंदा खिळ्यांचा, त्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सनी हेविट नावाच्या जोडीदाराबरोबर १८९७ मध्ये पेटंट घेतलं ते बटेड नळीचं. टोकांना जाड, पोटाशी पातळ, आणि बाहेरचा व्यास मात्र सगळीकडे सारखा. पायऱ्या असलेला एक दांडका आत घालून त्यावर नळी ओढायची, म्हणजे आतून हवी तशी जाडी येते. आता गंमत बघा, दोन्ही टोकं जाड झाल्यावर तो दांडका आत अडकतो, बाहेर काढणार कसा? तर नळी तिरक्या रुळांमधून फिरवून दाबायची, ती किंचित फुगते आणि दांडका सुटतो. बाहेरून रूळ फिरवून आतलं कोडं सोडवायचं, हे लक्षात ठेवा, पुढे पोचा काढतानाही हाच प्रकार येतो.

१९३५ मध्ये रेनॉल्ड्सची ५३१ आली, मँगनीज-मॉलिब्डेनमचं स्टील. दणकट असल्यामुळे नळी आणखी पातळ करता आली. २५.४ मिमी व्यासाची दांडी, टोकांना ०.८ मिमी आणि मध्ये फक्त ०.५. मिलानच्या कोलंबस या नळ्या करणाऱ्या कंपनीची एसएल नळी जरा जाड, ०.९ आणि ०.६. आणि मार कुठे बसतो, तर दांडीच्या मधल्या भागाला, म्हणजे नेमक्या पातळ पोटाला. सायकल भिंतीला लावलेली असते, पुढचं चाक वळतं, हँडल गर्रकन फिरून दांडीवर आपटतं, झाला पोचा. जुन्या रेसिंग सायकलींवरचे कितीतरी पोचे अपघाताचे नसतातच, असे उभ्या उभ्या पडलेले असतात.

आपल्याकडे पोचा म्हटलं की तांबट आठवतो. हंड्याला पोचा पडला तर आतून आधार द्यायचा, बाहेरून ठोकायचं, दोन मिनिटांचं काम. बँडवाल्याच्या पितळी वाद्यालाही उघड्या तोंडातून लोखंडी गोळा सरकवून पोचा उचलता येतो. सायकलची दांडी मात्र दोन्ही टोकांनी बंद, आत जायला वाटच नाही, फार तर ब्रेझिंगच्या वेळी हवा जायला ठेवलेलं बारीक भोक. सीटच्या नळीचं तोंड वरून उघडं असतं, तिथे वरच्या टोकाजवळचा पोचा असला तर थोडंफार जमतं, बाकी सगळं बाहेरूनच.

म्हणून फ्रेमवाल्यांनी ठोकळा आणला. धातूच्या ठोकळ्यात नळीच्या बाहेरच्या व्यासाचं बरोबर भोक पाडायचं, मधोमध चिरून दोन अर्धे करायचे, ग्रीस लावून नळीभोवती बसवायचे, बेंचवाईसमध्ये हलके आवळायचे आणि फ्रेम फिरवत राहायची, थोडं आवळ, फिरव, परत थोडं आवळ. पोच्याभोवती जी कडा वर आलेली असते ती दबते आणि खड्डा थोडा वर येतो. पूर्ण जात नाही, कुणी जातो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पण हे जमतं ते केवळ १८९७ च्या त्या हुशारीमुळे, बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा म्हणून एकच ठोकळा सगळ्या दांडीला चालतो. १९८७ मध्ये कोलंबसने मॅक्स नावाच्या जाडजूड, चपट्या-लंबगोल नळ्या काढल्या, तिथे गोल भोकाचा ठोकळा काय कामाचा.

उरलेला खड्डा भरायचा. जुने कारागीर पितळ किंवा चांदीचं ब्रेझिंग भरून कानशीने सपाट करायचे, नंतर गाड्यांच्या गॅरेजमधली पुट्टी आली आणि आता बहुतेक जण तीच लावतात, माझ्या मते तेच शहाणपणाचं, कारण पातळ पोटावर पितळाची आग लावणं म्हणजे दिसण्यासाठी ताकद घालवणं. रेनॉल्ड्सच्या १९७६ च्या ७५३ नळीत तर सगळी ताकद हीट ट्रीटमेंटची, म्हणजे तापवून-थंड करून आणलेली, ती जोडायलाच कमी तापमानाचं चांदीचं ब्रेझिंग लागायचं आणि नमुन्याचा जोड रेनॉल्ड्सकडे पाठवून पास झाल्याशिवाय कारागिराला त्या नळ्या मिळायच्या नाहीत. अशा फ्रेमवर गॅसची ज्योत घेऊन जाणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

आता भीती कधी बाळगायची. दांडीच्या मध्यावरचा गुळगुळीत, उथळ पोचा बहुतेक वेळा फक्त दिसण्याचा असतो, स्टील लवचिक आहे, वाकतं पण लगेच तडकत नाही. पण हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या आखूड नळीच्या, मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली आडवी सुरकुती किंवा फुगवटा दिसला, रंग रेषेत तडकलेला दिसला, तर तो पोचा नाही, ती सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. तिथे ठोकळाही नको आणि पुट्टी तर नकोच, सुरकुती झाकून विकलेली फ्रेम मी पाहिलीय. एक बरं, लग आणि पितळाच्या जोडाची फ्रेम असेल तर जोड तापवून ती एक नळीच बदलता येते.

आपल्या काळ्या रोडस्टरवाल्यांना, म्हणजे रोजच्या वापराच्या जड सायकलवाल्यांना, हा प्रश्न कधी पडलाच नाही. खरं तर नातं जवळचं आहे, रेनॉल्ड्स १९२८ मध्ये ज्या टीआय (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स) समूहात गेली त्याच समूहाने १९४९ मध्ये मुरुगप्पा उद्योगघराण्याबरोबर मद्रासला टीआय सायकल्स काढली, हर्क्युलिस-बीएसएवाली. पण दुधाचे कॅन, गव्हाची पोती आणि दांडीवर डबलसीट झेलायची म्हटल्यावर नळी सरसकट जाड आणि साधी, तिला हँडल आपटून काय होणार, हँडलच वाकायचं. इथे पोच्यापेक्षा मोठा शत्रू पावसाळा, रंग उडालेला टवका तसाच ठेवला की कोकणात एका जुलैत गंज आत शिरतो. त्यामुळे पोचा काढा न काढा, टवक्यावर प्रायमर आधी लावा.

आणि एवढं करूनही पोच्याकडे बघवत नसेल तर सायकल उलटी करा आणि पेडलच्या मागे, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या बघा. टायरला आणि चेनच्या चकतीला जागा हवी म्हणून बऱ्याच फ्रेमना तिथे कारखान्यातच मुद्दाम दाबून पोचे पाडलेले असतात, चांगले ठसठशीत, आणि त्यावर रंग मारून दिलेला असतो.