एअरपोर्टचं लायसन्स आणि एअरपोर्टचा पास

शेजारच्या काकी पेढे घेऊन आल्या, तेव्हा चेहरा असा की घरात कुणी बोर्डात आलंय. “पोराला एअरपोर्टचा लायसन मिलाला!” पोरगा मागेच उभा होता. ड्युटीवरून घरी आला तरी गळ्यातली पट्टी काढली नव्हती. पट्टीला फोटोचं कार्ड, कार्डावर कुठल्या कुठल्या भागात जायची मुभा आहे त्याची अक्षरं. विमानात सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत तो नुकताच लागला होता.

ते लायसन्स नव्हतं, पास होता. हातात पेढा असताना समोरच्याची चूक काढू नये एवढं मला कळतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण हा घोळ एकट्या काकींचा नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि उलवे, गव्हाण, पनवेलकडच्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी ‘एअरपोर्टला’ लागलं. कागद कुणी दिला विचारा, उत्तर येतं, ‘सुरक्षावाल्यांनी’. नेमके कुठले सुरक्षावाले? कारण तिथे दोन आहेत. लायसन्स देतं नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. पास देतो नागरी हवाई वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. दोघं एकाच मंत्रालयाखाली आहेत, दोघांच्या कामाला आपण ‘सुरक्षा’च म्हणतो, आणि दोघांचं काम मुळातच वेगळं आहे.

घोळाचं मूळ त्या एका शब्दात आहे. रोज लोकलने जाणाऱ्याला रेल्वेच्या उदाहरणावरून लगेच कळेल. ठाणे स्टेशनच्या फलाटावर दिसतो तो रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. बेलापूर-पेंधर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली, त्याआधी तिला मंजुरी लागली ती मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची. जवान चोर पकडतो. आयुक्त रूळ, सिग्नल, ब्रेक तपासतात. हिंदीत या दुसऱ्या कामाला ‘संरक्षा’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत ‘सुरक्षितता’ आहे खरा, पण बातमीच्या मथळ्यात तो मावत नाही, त्यामुळे सगळीच ‘सुरक्षा’ होते. (जाता जाता एक गंमत: रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाखाली असतात. रेल्वेची परीक्षा रेल्वेनेच घेऊ नये म्हणून.)

विमानतळावर डीजीसीएला धास्ती असते ती यंत्र बिघडण्याची, माणूस चुकण्याची किंवा थकण्याची, हवा फिरण्याची, इंजिनात पक्षी घुसण्याची. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. बीसीएएसला धास्ती असते ती फक्त वाईट हेतूची. तपासणीच्या ट्रेमध्ये हा फरक तुम्ही स्वतः हाताळलेला असतो. मोठी सुरी केबिनमध्ये चालत नाही, खालच्या बॅगेत चालते. पॉवर बँकेचं बरोबर उलटं: ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवावी लागते. सुरी कुणी उगारेल ही भीती आहे, म्हणून ती माणसापासून दूर ठेवायची. पॉवर बँकेतली लिथियम बॅटरी आपणहून पेट घेईल ही भीती आहे, म्हणून ती माणसाजवळ ठेवायची, म्हणजे धूर दिसला की क्रू धावेल. सुकं खोबरंही याच दुसऱ्या जातीचं. तेलकट असल्याने आपसूक तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. गावाहून आणलेली खोबऱ्याची पिशवी काढून ठेवायला सांगितली की लोक म्हणतात, “खोबऱ्याने काय विमान पळवणार?” पळवण्याची भीती नसते तिथे, जळण्याची असते.

आता डीजीसीएकडे. हे खातं विमानाला आणि माणसाला कागद देतं, आणि दोन्ही कागदांचा स्वभाव सारखाच: एकदा मिळाला म्हणून झालं, असं कधीच होत नाही.

विमानाचं आधी. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, आपल्या गाडीवरच्या एमएच-४३ सारखा. पण नोंदणी म्हणजे उडायची परवानगी नव्हे. त्यासाठी उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. ते जिवंत राहतं दरवर्षी होणाऱ्या आढाव्यावर: कुठला भाग कधी बदलला, कुठली तपासणी कधी झाली, उत्पादकाने सांगितलेली दुरुस्ती केली की नाही. आढाव्याचा कागद संपला की विमान कितीही चकचकीत असो, हँगरमध्येच. रोजच्या रोज मात्र डीजीसीएचा माणूस विमानाशी उभा नसतो. तिथे असतो विमान कंपनीचा किंवा दुरुस्ती संस्थेचा इंजिनिअर. काम झाल्यावर विमान सेवेसाठी मोकळं केल्याची सही तो करतो. एखादी वस्तू बंद असतानाही विमान उडू शकतं, पण कुठली आणि किती दिवस हे मंजूर यादीत लिहिलेलं असतं. काही बिघाडांना ३ दिवस, काहींना १० दिवसांची मुदत. यादीत नसलेली महत्त्वाची वस्तू बंद असेल आणि इंजिनिअरने सही नाकारली, तर वेळापत्रक बोंबलतं आणि गेटवरचे प्रवासी कंपनीच्या नावाने खडे फोडतात. मला विचाराल तर ती नाकारलेली सही ही विमानतळावरची सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि ती कुणालाच दिसत नाही.

सही करणारा तो इंजिनिअर म्हणजे काकींच्या शब्दातला खरा ‘लायसनवाला’. त्याला एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर, म्हणतात. एरोनॉटिकलची डिग्री म्हणजे हे लायसन्स नव्हे. हाही एक जुना गैरसमज आहे आणि त्यात पुष्कळ पालकांचे पैसे गेले आहेत. डीजीसीएच्या परीक्षा एकेक विषय करत द्यायच्या, प्रत्यक्ष कामाचा अनुभव नोंदवायचा, मग विभाग ठरतो. ढोबळ मानाने इंजिन आणि सांगाडा पाहणारे बी-१, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहणारे बी-२. त्यावर विमानाच्या प्रकाराची वेगळी नोंद. एअरबसच्या ए-३२० वर सही करणारा हात बोइंगच्या ७३७ वर चालत नाही. आणि एवढं झाल्यावरही ज्या संस्थेत काम करतो तिने अधिकारपत्र दिल्याशिवाय सही नाही.

पायलटची तऱ्हाही तीच. व्यावसायिक लायसन्सला किमान २०० तास उड्डाण, वय १८ पूर्ण. एअरलाइन कॅप्टनच्या वरच्या लायसन्सला १,५०० तास. २०२३ मध्ये या दोन्हींची मुदत ५ वर्षांवरून १० वर्षं झाली, तेव्हा बरेच जण म्हणाले की आता पायलट दहा वर्षं मोकळे. कुठले मोकळे! वैद्यकीय तपासणी वेगळी चालूच. सिम्युलेटरवर वर्षातून दोनदा परीक्षा. गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली नसतील तर प्रवासी घेऊन जाता येत नाही. ड्युटीवर दारूसाठी श्वासाची तपासणी, त्यात पहिल्यांदा सापडला तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही, असं २०२३ च्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे. थोडक्यात, लायसन्स खिशात आणि माणूस जमिनीवर, हे या धंद्यात नेहमीचं. हवाई नियंत्रकांनाही डीजीसीएचंच लायसन्स लागतं. केबिन क्रूला मात्र पायलटसारखं लायसन्स नसतं; डीजीसीएच्या नियमांप्रमाणे कंपनी त्यांना तयार करते.

विमानतळालाही लायसन्स लागतं. नवी मुंबईला ते ३० सप्टेंबर २०२५ ला मिळालं. उलव्याची सुमारे ९० मीटर उंच टेकडी फोडून सपाट केली आणि नदीचा प्रवाह वळवला, त्यामागे जमीन हवी होती एवढंच कारण नव्हतं. धावपट्टीकडे येणाऱ्या वाटेत उंचवटा नको, हेही होतं. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवरचे फ्लेमिंगो आपल्याला फोटोसाठी हवेत, विमानाला ते वाटेत नको असतात. खाडीकाठच्या जागेत विमानतळ बांधला की हा प्रश्न कायमचा पदरात. (इमारतीच्या उंचीचा ना-हरकत दाखला मात्र तिसऱ्याच दारातून येतो, भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून. बिल्डरने ‘डीजीसीए मंजूर’ असं सांगितलं तर कागद नीट वाचा.)

मग काकींच्या पोराच्या गळ्यात काय आहे? विमानतळ प्रवेश परवाना. नावातच ‘परवाना’ आहे म्हणून गोंधळ होणारच. तो मिळण्याआधी पोलिसांकडून त्याची पार्श्वभूमी तपासली गेली, सुरक्षेचं छोटं प्रशिक्षण झालं. पण त्याला सामान नीट चढवता येतं का, हे बीसीएएसने विचारलं नाही. तो त्यांचा प्रश्नच नाही. लायसन्स सांगतं, याला हे काम येतं. पास सांगतो, याच्यापासून धोका दिसत नाही आणि याचं इथे काम आहे. म्हणून लायसन्स माणसाचं असतं. नोकरी बदलली तरी बरोबर जातं. पास नोकरीचा असतो. नोकरी सुटली की परत करावा लागतो. आणि दहा हजार तास उडवलेल्या कॅप्टनलाही नुसत्या लायसन्सवर आत सोडत नाहीत. त्याचीही बॅग क्ष-किरणांतून जाते, त्याचीही झडती होते. झडती घेणारे सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. नियम बीसीएएसचे, अंमल त्यांचा.

मुळात ही दोन खाती एकाच घरातली. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये डीजीसीएच्याच आत सुरक्षेचा एक कक्ष सुरू झाला. जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसं गेली, आणि १ एप्रिल १९८७ पासून त्या कक्षाची चूल वेगळी मांडली गेली. आज २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमात दोघांची नावं वेगवेगळी आहेत, आणि त्यांच्याबरोबर अपघातांची चौकशी करणाऱ्या तिसऱ्या ब्युरोचंही. हा तिसरा वेगळा असण्याचं कारण उघड आहे: चौकशीत डीजीसीएचीही चूक निघू शकते.

चूल वेगळी मांडली ते बरंच झालं, कारण दोघांची रीत एकमेकींच्या उलटी आहे. डीजीसीएचं काम चालतं लोकांनी स्वतःहून बोलण्यावर. पायलटने ‘माझं लँडिंग चुकलं’ असं लिहून द्यावं, मेकॅनिकने ‘पाना आत विसरलो होतो’ असं कबूल करावं, आणि प्रामाणिक चुकीला शिक्षा न करता सगळ्यांनी त्यातून शिकावं. डीजीसीएचे नियम कुणालाही वाचता येतात. बीसीएएसचं बरंचसं काम झाकलेलंच असायला हवं. पहारा कसा बदलतो हे जाहीर केलं तर पहाऱ्याला अर्थ काय उरला?

दोन्ही रीती एका दारावर आदळल्या, ते दार कॉकपिटचं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ती दारं भक्कम झाली, आतून बंद. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या विमानात कॅप्टन बाहेर गेला, सहवैमानिकाने तेच दार आतून बंद ठेवलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरात घातलं. १५० माणसं गेली. त्याला डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवलं होतं आणि ते त्याने लपवलं होतं. म्हणजे दार सुरक्षेचं, वैद्यकीय तपासणी सुरक्षिततेची, आणि दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर असूनही घात झाला.

डीजीसीएवरही नजर ठेवणारं कुणी असतं का? असतं. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, देशोदेशीच्या या खात्यांची दोन वेगळी ऑडिट करते, सुरक्षिततेचं एक आणि सुरक्षेचं एक. अमेरिकेने तर ३१ जानेवारी २०१४ ला भारताचा हवाई सुरक्षिततेचा दर्जाच खाली आणला होता. आपली विमानं वाईट म्हणून नव्हे, तर डीजीसीएकडे तपासणारी पूर्णवेळ तांत्रिक माणसं पुरेशी नव्हती म्हणून. वर्षभराहून जास्त काळ भारतीय कंपन्यांना अमेरिकेची नवी उड्डाणं वाढवता आली नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला.

परवा तो पोरगा जिन्यात भेटला. रोज इंजिनिअरला सही करताना बघतो, म्हणाला, “दादा, तसं लायसन्स काढायला काय लागतं?” मी विचारलं, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स होतं का? “कॉमर्स.” म्हटलं, ओपन स्कूलमधून ते विषय देता येतात. पुढे डीजीसीएची मान्यता असलेली संस्था शोधायची, फी भरायच्या आधी मान्यतेची मुदत बघायची, आणि मग परीक्षा, काही वर्षं. दारातून काकी ऐकत होत्या. म्हणाल्या, “मंजे पेढे परत वाटायचे?”