ॲक्टिव्ह स्पीकर

प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे पेटीतल्या प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाला, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला आणि खालच्या-वरच्या स्वरांची वाटणी त्या ॲम्प्लिफायरांच्या आधीच करणारा स्पीकर. पेटीत नुसता ॲम्प्लिफायर बसवला की तो ‘पॉवर्ड’ होतो, ॲक्टिव्ह नव्हे. जाहिराती हा फरक सोयीने विसरतात. जोडीतल्या एकाच पेटीला वीजजोडणी असेल आणि दुसरीकडे दोनच तारांची वायर जात असेल, तर त्या दुसऱ्या पेटीत स्वरांची वाटणी ॲम्प्लिफायरनंतर करणारा जुनाच पॅसिव्ह क्रॉसओव्हर आहे किंवा एकच ड्रायव्हर आहे, असे समजावे.

खालचे स्वर वूफरकडे, वरचे ट्वीटरकडे धाडणे हे क्रॉसओव्हरचे काम. पॅसिव्ह रचनेत ॲम्प्लिफायरचा सगळा प्रवाह कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर यांतून जातो. काही शक्ती उष्णतेत जाते आणि क्रॉसओव्हरच्या कॉइलच्या रोधामुळे ॲम्प्लिफायरची वूफरवरची पकड सैल होते. शिवाय मोठ्या आवाजात वूफरचा पडदा हलवणारी तांब्याची व्हॉइस कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ६ ओहमची कॉइल १०० अंशांनी तापली की ८ ओहमच्या पुढे जाते आणि पॅसिव्ह क्रॉसओव्हरचे गणित बिघडते. ॲक्टिव्ह रचनेत क्रॉसओव्हरचा ड्रायव्हरशी थेट संबंधच नसल्याने तो जागचा हलत नाही. खरा फायदा हाच. वायरींचा पसारा कमी होणे ही वरकड सोय.

ह्यूलेट-पॅकार्डमधील अभियंते लिंकविट्झ आणि रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा, १९७६ मध्ये मांडलेला क्रॉसओव्हर ॲक्टिव्ह स्पीकरांत बराच वापरला जातो. त्याचा २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा उतार, म्हणजे वाटणीच्या सीमेपलीकडचे स्वर झपाट्याने दाबणे, पॅसिव्ह भागांनी साधणे खर्चिक आणि किचकट. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या फिनलंडच्या जेनेलेकने असे स्पीकर स्टुडिओंत रुजवले. डिजिटल प्रक्रिया स्वस्त झाल्यावर खोलीनुसार खर्ज आवरणे, दोन ड्रायव्हरांची वेळ जुळवणे आणि ड्रायव्हर जळण्याआधी आवाजाला लगाम घालणे हे सारे पेटीतच होऊ लागले. वेगळा ॲम्प्लिफायर निवडण्याची, तो स्पीकरशी जमतो का हे पाहण्याची कटकटही उरत नाही. हौशी मंडळींना नेमकी तीच कटकट प्रिय असते, हा भाग निराळा.

उणिवाही आहेत. ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असल्याने शांत खोलीत, टेबलाजवळ बसल्यावर बारीक ‘हिस्स’ ऐकू येऊ शकते. जोडीतल्या प्रत्येक पेटीशेजारी बहुधा प्लग लागतो. आणि ॲम्प्लिफायर बिघडला की अख्खी पेटी दुरुस्तीला उचलून न्यावी लागते. पॅसिव्ह स्पीकरला तेव्हा दुसरा ॲम्प्लिफायर लावून काम भागते.