जुन्या फोटोंमधली वाई, थोडी पार्श्वभूमी

वाईचे जुने फोटो शोधायला गेलं की आधी ढोल्या गणपतीचं देऊळ आणि कृष्णा नदीचा घाटच समोर येतो, आणि त्याला कारण आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ला, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्यात होते, म्हणजे कॅमेरा आपल्याकडे तसा लवकरच आला, पण तो मुंबईत. वाईसारख्या गावात आधी पोचला तो साहेबलोकांच्या सामानातून, कारण पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जायचं तर वाई वाटेतच. काचेच्या प्लेटा, स्टँड, केमिकलं एवढं सगळं वाहून आणल्यावर माणूस देऊळच काढणार, भाजीवालीचा फोटो कशाला काढेल? त्यात एक्स्पोजर लांबलचक, हलणारं माणूस पुसट व्हायचं किंवा उमटायचंच नाही, म्हणून त्या फोटोंत गाव ओसाड वाटतं. ओसाड नव्हतं हो, माणसं स्थिर उभी राहिली नाहीत इतकंच.

तरी माझ्या मते हेच फोटो कामाचे, फक्त मधलं देऊळ सोडून कडेला बघायचं. गणपतराव रास्त्यांनी १७६२ला बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ आजही तसंच आहे, पुराचं पाणी फुटावं म्हणून मागची बाजू माशासारखी निमुळती ठेवलीय तीही आहे. बदललंय ते आजूबाजूचं, म्हणजे नदीचं पात्र, पलीकडची झाडी, घाटावर कपडे कोण धुतंय, बैलगाडी कुठे सोडलीय, आणि आता पाडलेला ब्रिटिशकालीन कृष्णा पूल. धोम धरणाच्या आधी कृष्णा कशी वाहत होती हे तर आता फोटोतच बघायचं.

मग आले स्टुडिओ. रंगवलेला पडदा, लाकडी खुर्ची, नवरा बसलेला आणि बायको उभी, यात गाव कुठेच नाही. गाव सापडतं ते शाळेच्या ग्रुप फोटोत मागे, मिरवणुकीत, आणि कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात. उत्सव घाटाघाटाचा वेगळा, त्यामुळे मांडव ओळखला की गणपती आळी, धर्मपुरी का गंगापुरी ते जुन्या माणसाला लगेच कळतं. पुढे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी आला, पण एका रोलमध्ये बाराच फोटो, ते मुंज-बारशालाच संपायचे, बाजारपेठेवर कोण घालवणार.

जे होतं त्यातलंही बरंच गेलं. ओल, वाळवी, वाडे विकले तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका भंगारात, त्याआधी गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत सातारा-सांगली-कोल्हापूर भागातले कित्येक वाडे जळाले ते वेगळंच. स्टुडिओ बंद पडले की निगेटिव्ह चांदीसाठी किलोवर विकायच्या. सगळ्या जगाची माहिती मराठीत आणणाऱ्या विश्वकोशाचं ऑफिस याच गावात, आणि गावाचे स्वतःचे फोटो मात्र घराघरांतल्या कपाटांत विखुरलेले.

गंमत म्हणजे चालत्याबोलत्या रंगीत वाईचं भरपूर शूटिंग झालंय, पण परक्या नावाने. २००३च्या 'गंगाजल'मध्ये वाई म्हणजे बिहारमधलं तेजपूर, आणि २००४च्या 'स्वदेस'मध्ये शेजारचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर! पाट्या हिंदी लावल्यात, पण घाट आणि गल्ल्या आपल्याच, थांबवून थांबवून बघितलं तर आता नसलेलं बरंच काही दिसतं.

हल्ली लोक मोबाइलवर फोटोचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, तिथे तो बारीक होतो, नाव-गाव गळून पडतं आणि चार फॉरवर्डनंतर नाशिकचा घाट वाईचा म्हणून फिरायला लागतो. त्यापेक्षा सरळ स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या, काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, फ्रेमसकटच घ्या. मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि शाईतली तारीख तिथेच असते. आणि फोटोतली माणसं कोण हे घरातल्या म्हाताऱ्यांना याच दिवाळीत विचारून घ्या.